चालणाऱ्यांची काउंटी

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजता अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घड्याळं एक तास मागे घेतात. शनिवारी सहाच्या सुमारास मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या सुमारास मावळतो. आदल्या आठवड्यापर्यंत कामावरून उजेडात घरी परतणारी माणसं त्याच रस्त्यांवरून, त्याच वेगाने, पण काळोखात गाड्या हाकू लागतात. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मॉन्टगोमेरी काउंटीचं सरकार दर वर्षी या दिवसांत रहिवाशांना सावध करतं. गाडीवाल्यांनी वेग आवरावा आणि वळताना थांबून पाहावं, चालणाऱ्यांनी उजळ कपडे घालावेत आणि सिग्नलचं बटण दाबून मगच रस्ता ओलांडावा. त्याच दिवसांत पानगळीच्या ढिगांविषयीही सूचना निघतात. पानं अंगणाच्या कडेला लावा, रस्त्यावर लोटू नका, यंत्राची गाडी अमुक आठवड्यात तुमच्या भागात येईल, असं त्यांत सांगितलेलं असतं.

आपली दिवाळी बहुधा याच्याच आगेमागे येते. जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, गेदर्सबर्ग या भागांतल्या कितीतरी मराठी घरांत तेव्हा पुण्या-नाशिकहून, सांगली-नागपूरहून आलेले आईवडील मुक्कामाला असतात. सकाळी मुलगा-सून कामाला जातात, नातवंडं पिवळ्या बसमध्ये बसतात आणि मागे राहिलेली दोघं बूट चढवून फिरायला निघतात. त्यांना गाडी चालवायची नसते. देवळात, वाचनालयात, भाजी आणायला जायचं तर पायी किंवा बसने. गाड्यांसाठी आखलेल्या या उपनगरात चालणारा माणूस म्हणजे कोण, याचं उत्तर शोधायला गेलं तर पहिल्या काही चेहऱ्यांत हे मराठी आजी-आजोबा दिसतील. त्यांच्याबरोबर एल साल्वाडोरहून किंवा इथिओपियाहून आलेले मजूर असतील, शाळकरी पोरं असतील आणि रात्रपाळी करून परतणाऱ्या परिचारिका असतील. काउंटीचं रस्ता सुरक्षेचं काम कसं चाललं आहे, हे मला याच माणसांच्या वाटेने समजून घ्यावंसं वाटलं.

काउंटी म्हणजे आपला जिल्हा, असं आपण पटकन म्हणतो. ते निम्मंच खरं आहे. मेरीलँड राज्यातली ही काउंटी १७७६ सालची. जनरल रिचर्ड मॉन्टगोमेरी यांचं नाव तिला दिलं आहे. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ६२ हजार भरली. रॉकव्हिल हे मुख्यालय. रॉकव्हिल, गेदर्सबर्ग, टाकोमा पार्क अशा काही गावांना स्वतःच्या नगरपालिका आहेत. पण सिल्व्हर स्प्रिंग, बेथेस्डा, व्हीटन, जर्मनटाउन या मोठ्या वस्त्यांना स्वतःची नगरपालिकाच नाही. तिथे काउंटी हीच नगरपालिका. पोलीस तिचे, अग्निशमन दल तिचं, गल्लीतले रस्ते, बस आणि वाचनालयं तिचीच. आपल्याकडे जिल्हा परिषद, महापालिका, पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी यांच्यात वाटलेली कामं इथे बऱ्याच अंशी एका निवडून आलेल्या प्रमुखाच्या हाताखाली येतात. त्याला काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणतात. मार्क एल्रिच २०१८ साली या पदावर पहिल्यांदा निवडून आले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला काउंटी कौन्सिल आहे. तिचे सभासद पूर्वी नऊ होते, २०२२ च्या निवडणुकीपासून अकरा झाले. वर्षाचा खर्च सात अब्ज डॉलरहून अधिक आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा शाळांचा.

एवढं सगळं हातात असलेल्या सरकारच्या ताब्यात एक गोष्ट मात्र फारशी नाही, ती म्हणजे मोठे रस्ते. माणसं जिथे मरतात ते बहुतेक रुंद, वेगवान रस्ते राज्य सरकारच्या महामार्ग विभागाचे आहेत. रॉकव्हिल पाइक म्हणून ओळखला जाणारा ३५५ क्रमांकाचा मार्ग, जॉर्जिया अव्हेन्यू, व्हिअर्स मिल रोड, ओल्ड जॉर्जटाउन रोड या रस्त्यांवर पट्टा आखायचा, सिग्नल बसवायचा की वेगमर्यादा उतरवायची, हे राज्य ठरवतं. त्या रस्त्यावर धावणारी बस काउंटीची, तिच्यातून उतरणारा माणूस काउंटीचा रहिवासी, तो पडला तर धावून येणारी रुग्णवाहिकाही काउंटीची. डांबर मात्र राज्याचं. आपल्याकडे ज्याने सार्वजनिक बांधकाम खातं, जिल्हा परिषदेचा बांधकाम विभाग आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या तिघांच्या दारांत अर्ज घेऊन फेऱ्या मारल्या असतील, त्याला हे दुखणं समजावून सांगावं लागणार नाही.

व्हिअर्स मिल रोडचं उदाहरण घेण्यासारखं आहे. रॉकव्हिल आणि व्हीटन यांना जोडणारा हा मार्ग दुसऱ्या महायुद्धानंतर वसलेल्या साध्या घरांच्या वस्त्यांमधून जातो. बसवर अवलंबून असलेली कुटुंबं इथे पुष्कळ. बसथांबे जवळजवळ आहेत, सिग्नल मात्र लांब लांब. बसमधून उतरलेल्या माणसाचं घर समोरच्या बाजूला दिसत असतं. सिग्नलपर्यंत चालत जाऊन तेवढंच उलट यायचं, की गाड्यांमधली फट बघून पळत सुटायचं? थंडीत, हातात पिशव्या घेऊन माणूस काय करील ते उघड आहे. याच रस्त्याला मॅथ्यू हेन्सन ट्रेल ही पायवाट छेदून जाते. तिथे पट्टे आखलेले होते, पिवळे दिवे लुकलुकत होते, तरी २०१५ आणि २०१६ मध्ये दोन सायकलस्वार पाठोपाठ गेले. एका लेनमधली गाडी थांबली आणि शेजारच्या लेनमधली थांबली नाही, ही अनेक लेनच्या रस्त्यावरची जुनी, जीवघेणी गोष्ट आहे. थांबलेल्या गाडीच्या आडून येणारा माणूस दुसऱ्या चालकाला दिसतच नाही. पुढे तिथे गाड्यांना लाल दिव्यावर थांबवणारा सिग्नल आला. तो दोन जीव जाण्याआधी का आला नाही, या प्रश्नाला अभियांत्रिकीच्या नियमांत उत्तर आहे. सिग्नल बसवायला किती माणसं तिथून रस्ता ओलांडतात याची मोजणी लागते आणि ओलांडणं जिथे धोक्याचं आहे तिथे माणसं कमी ओलांडतात. म्हणजे धोकाच सिग्नलच्या आड येतो. असे नियम वर्षानुवर्षं चालले, यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. पण त्यांची किंमत चालणाऱ्यांनीच मोजली.

ओल्ड जॉर्जटाउन रोडची कहाणी याहून बोलकी आहे. बेथेस्डातल्या सुखवस्तू भागातून जाणारा हा सहा लेनचा रस्ता. फुटपाथ अरुंद आणि रस्त्याला चिकटलेला. मध्ये झाडांची ओळ नाही की कठडा नाही. २०१९ मध्ये एक शाळकरी मुलगा आणि २०२२ मध्ये अठरा वर्षांचा तरुण, दोघंही फुटपाथवरून सायकल चालवताना तोल जाऊन रस्त्यावर पडले आणि गाडीखाली आले. दुसऱ्या मृत्यूनंतर त्याच वर्षी राज्याच्या महामार्ग विभागाने गाड्यांची जागा कमी करून दोन्ही बाजूंना सायकलची लेन काढली. त्यावर मोठी बोंबाबोंब झाली. आमचा वेळ वाया जातो, सायकली दिसतात कुठे, असं म्हणत हजारोंनी सह्या केल्या आणि लेन उखडून टाका अशी मागणी लावून धरली. बाजूने बोलणारेही पुढे आले. त्यांत शोक करणारी घरं होती, शाळकरी मुलं होती, डॉक्टर होते. लेन राहिल्या. मला या भांडणात एक गोष्ट फार मोलाची वाटते. सायकलची लेन केवळ सायकलवाल्यांसाठी नसते. ती मध्ये आल्यामुळे फुटपाथवरून नातवाचा हात धरून चालणारी आजी आणि भरधाव गाडी यांच्यात काही फूट अंतर पडतं. पाय घसरला तर सावरायला तेवढी जागा मिळते.

मॉन्टगोमेरीच्या कौन्सिलने फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘व्हिजन झीरो’चा ठराव केला. पुढच्या वर्षी पहिला कृती आराखडा आला आणि आता उद्दिष्ट आहे ते २०३० पर्यंत रस्त्यावरचे मृत्यू आणि गंभीर जखमा शून्यावर आणण्याचं. हा विचार मूळचा स्वीडनचा. तिथल्या संसदेने तो १९९७ साली स्वीकारला. त्याचा गाभा असा, की माणूस चुकणारच. तो घाईत असेल, थकलेला असेल, म्हातारा असेल, लहान असेल. त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असू नये, याची जबाबदारी रस्ता बांधणाऱ्यावरही आहे. ‘अपघात’ म्हणून खांदे उडवण्याची सोय ही भूमिका ठेवत नाही.

या विचारामागे शरीराचं साधं गणित आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सुरक्षा प्रतिष्ठानाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार ताशी २३ मैल, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर वेगाच्या गाडीने धडक दिली तर पादचारी मरण्याची शक्यता सरासरी १० टक्के असते. ३२ मैलांना ती २५ टक्के होते, ४२ मैलांना ५० टक्के आणि ५० मैलांना ७५ टक्के. सत्तर वर्षांच्या माणसासाठी हे सगळे आकडे आणखी वाईट. वेगमर्यादेच्या पाटीवरचा पाच-दहा मैलांचा फरक गाडीत बसलेल्याला मिनिटभराचा वाटतो. बाहेरच्याच्या बाबतीत तो जगण्या-मरण्याचा आहे. अमेरिकेत २०२२ साली ७,५०० हून अधिक पादचारी मेले. १९८१ नंतरचा तो सर्वांत मोठा आकडा होता. मोठमोठ्या, उंच नाकाच्या गाड्या, रुंद रस्ते आणि अंधार या तिघांनी मिळून तो वर नेला. मॉन्टगोमेरीही या लाटेतून सुटली नाही. ठराव होऊन नऊ-दहा वर्षं झाली तरी शून्य दूरच आहे आणि हे इथलं सरकार लपवत नाही.

लपवत नाही म्हणजे काय, ते थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण मला इथलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच वाटतं. २०१२ साली काउंटीने खुल्या माहितीचा कायदा केला. त्यानुसार पोलिसांनी नोंदवलेल्या प्रत्येक अपघाताची माहिती कुणालाही पाहता येते: दिवस, वेळ, रस्ता, चौक, हवा, उजेड, गाडी कुठे वळत होती, चालणारा कुठे होता. अर्ज करायला नको, माहिती अधिकाराची वाट पाहायला नको. शाळेतला मुलगा प्रकल्पासाठी ती उघडू शकतो आणि एखाद्या वस्तीतल्या बायका आपल्या चौकातले सारे अपघात नकाशावर मांडून कौन्सिलपुढे उभ्या राहू शकतात. कुठल्या थोड्या मैलांवर सर्वाधिक जीव जातात, त्या रस्त्यांची यादीही काढलेली आहे. पैसा आधी तिकडे जावा, असा हेतू. अशी यादी जाहीर करणं धाडसाचं असतं. एकदा छापलं की हा चौक घातक आहे हे तुम्हाला ठाऊक होतं, असं उद्या कुणीही म्हणू शकतं.

२०२३ मध्ये कौन्सिलने ‘सेफ स्ट्रीट्स’ कायदा मंजूर केला. कौन्सिलचे सभासद इव्हान ग्लास हे त्याचे मुख्य प्रवर्तक. गजबजलेल्या मध्यवर्ती भागांतल्या काउंटीच्या रस्त्यांवर लाल दिवा असताना उजवीकडे वळायला त्याने बंदी केली. अमेरिकेत लाल दिव्यावर उजवीकडे वळू देण्याची मुभा १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईत, इंधन वाचवण्यासाठी देशभर पसरली. आपल्याकडच्या ‘डावं वळण मोकळं’चाच हा भाऊ. उजवीकडे वळणारा चालक डावीकडून येणाऱ्या गाड्या बघत मान तिकडे वळवून बसतो आणि फट मिळाली की निघतो. त्याच क्षणी त्याच्या उजव्या हाताने माणूस पट्ट्यावर पाऊल टाकत असतो. महाराष्ट्रातून आलेल्या ज्येष्ठांसाठी यात आणखी एक सापळा आहे. जन्मभर आपण रस्त्यात पाऊल टाकताना आधी उजवीकडे पाहतो, कारण जवळची गाडी तिकडून येते. अमेरिकेत ती डावीकडून येते. साठ वर्षांची सवय सहा महिन्यांत मोडत नाही. म्हणून ती सवय असलेल्या माणसाला वाचवणारा चौक बांधावा लागतो. याच कायद्याने चालणाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या हिरव्या दिव्याआधी काही सेकंद लावायला सांगितलं. त्या सेकंदांत माणूस पट्ट्यावर पुढे येतो आणि वळणाऱ्या चालकाला ठळक दिसतो. खर्च जवळपास काहीच नाही. बदलायची असते ती फक्त सिग्नलची वेळ.

आता कॅमेऱ्यांविषयी. मेरीलँडमध्ये वेग मोजणारे कॅमेरे पहिल्यांदा याच काउंटीत, २००७ साली लागले. त्यासाठीचा कायदा आधी राज्यपालांनी नाकारला होता. विधिमंडळाने २००६ मध्ये तो नकार उलटवून कायदा केला. कॅमेरे वस्तीतल्या आणि शाळांजवळच्या रस्त्यांवर असतात. मर्यादेपेक्षा १२ मैल जास्त वेग असेल तरच छायाचित्र निघतं. दंड अनेक वर्षं सरसकट ४० डॉलर होता. ऑक्टोबर २०२५ पासून राज्याने वेगानुसार चढता दंड लावला. फारच बेफाम असेल त्याला ४२५ डॉलर. पैसे उकळायचं साधन, हा आरोप कॅमेऱ्यांवर सगळीकडे होतो. इथे दोन गोष्टी त्याला उत्तर देतात. पहिली म्हणजे कायद्याने काउंटीला या पैशांतून खर्च वजा जाता ठरावीक मर्यादेपर्यंतच रक्कम ठेवता येते आणि तीही सार्वजनिक सुरक्षेवरच खर्च करावी लागते. उरलेली राज्याकडे जाते. दुसरी म्हणजे कुठल्या रस्त्यावर कॅमेरे आहेत ते जाहीर असतं. विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने या काउंटीचा अभ्यास करून २०१५ मध्ये दाखवलं, की कॅमेऱ्यांमुळे अपघातात मृत्यू किंवा अपंगत्व आणणारी जखम होण्याची शक्यता १९ टक्क्यांनी घटली. एकाच जागी कॅमेरा खिळवून ठेवण्याऐवजी काउंटीने तो पूर्ण रस्ताभर हलता ठेवायला सुरुवात केली, तेव्हा चालक कॅमेऱ्यापुरते नव्हे तर सबंध रस्ताभर हळू जाऊ लागले आणि परिणाम आणखी वाढला. शाळेच्या बसवरही कॅमेरे आहेत. बस थांबून लाल दिवे लुकलुकू लागले, की मध्ये दुभाजक नसल्यास दोन्ही दिशांच्या गाड्यांनी थांबायचं. न थांबणाऱ्याला काउंटीने २५० डॉलर दंड ठेवला. नातवंडाला बसपर्यंत सोडायला गेलेल्या आजोबांना हे दृश्य अप्रूप वाटतं. दोन्ही बाजूंची वाहतूक एका लहान मुलासाठी थबकलेली असते.

या काउंटीची एक वेगळी बाब रस्त्याशी थेट जोडलेली आहे. १९३३ साली अमेरिकेतली दारूबंदी उठली तेव्हापासून इथला मद्यव्यापार काउंटी सरकारच्याच हाती आहे. घाऊक विक्री तिची, कडक मद्याची दुकानं तिची, नफा तिच्या तिजोरीत. म्हणून दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्धची जबाबदारी तिच्यावर दुप्पट येते, असं माझं मत आहे. डिसेंबर २०१५ मध्ये रॉकव्हिल पाइकवर मद्यपी चालकांना पकडण्याच्या मोहिमेवर असलेले काउंटीचे तरुण पोलीस अधिकारी नोआ लिओटा यांना मद्यपी चालकानेच उडवलं. आठवड्याने ते गेले. राज्याने २०१६ मध्ये त्यांच्या नावाचा कायदा केला. त्यानुसार दोषी ठरलेल्या चालकाच्या गाडीत श्वास तपासणारं यंत्र बसतं आणि श्वासात मद्य आढळलं तर गाडी सुरूच होत नाही. त्यासाठी त्यांच्या आईवडिलांनी विधिमंडळात पाठपुरावा केला होता. रस्ता सुरक्षेचे किती कायदे असे कुणाच्या तरी घरच्या दुःखातून निघतात! भारतातही तेच आहे. रस्ता सुरक्षेची सर्वोच्च न्यायालयाची समिती ज्या याचिकेतून आली ती करणारे एस. राजसीकरन हे अस्थिशल्यचिकित्सक. मोडलेली हाडं जोडता जोडता ते न्यायालयापर्यंत गेले.

सूचना देणाऱ्या सरकारला लोकांकडून सूचना घ्यायचं दारही उघडं ठेवावं लागतं. इथे ते दार म्हणजे ३११ हा क्रमांक. २०१० पासून तो चालू आहे. खड्डा पडलाय, रस्त्यावरचा दिवा गेलाय, पट्टे पुसले गेलेत, बर्फाची गाडी आलीच नाही, अशा सगळ्यासाठी एकच क्रमांक. तक्रारीला नंबर मिळतो आणि तो टाकून ती कुठवर आली हे बघता येतं. रस्ता राज्याचा असेल तर तेही सांगतात. रस्ता कुणाचा आहे हे शोधून काढण्याचं ओझं नागरिकाच्या डोक्यावरून उतरतं, ही या सोयीची मोठी बाजू. महत्त्वाच्या सूचना इंग्रजीखेरीज स्पॅनिश, चिनी, कोरियन, व्हिएतनामी, फ्रेंच आणि अम्हारिक भाषांत निघतात. अम्हारिक ही इथिओपियाची भाषा. सिल्व्हर स्प्रिंगमध्ये तिच्या पाट्या दुकानांवर सर्रास दिसतात. ज्याला इंग्रजी येत नाही तोच बहुधा बसने जातो, पायी चालतो आणि अंधारात रस्ता ओलांडतो. सूचना त्याच्या भाषेत पोचली नाही तर ती ज्याच्यासाठी निघाली त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

बर्फाचं काम या साऱ्याची दर हिवाळ्यात परीक्षा घेतं. आधी तातडीचे आणि मोठे रस्ते, मग वस्तीतले, अशा क्रमाने नांगरगाड्या फिरतात आणि कुठला रस्ता झाला, कुठला बाकी, हे नकाशावर कळत राहतं. फुटपाथ मात्र ज्याच्या घरासमोर किंवा दुकानासमोर आहे त्याने बर्फ थांबल्यापासून २४ तासांत साफ करायचा असा काउंटीचा कायदा आहे. सगळे तो पाळत नाहीत. शिवाय नांगराने लोटलेला बर्फ नेमका कोपऱ्यावर, बसथांब्यावर ढीग होऊन साचतो. गाडीसाठी रस्ता काही तासांत मोकळा होतो, चालणाऱ्यासाठी कधी कधी आठवडा लागतो. चाकाच्या खुर्चीतला माणूस तेवढे दिवस घरात अडकतो किंवा गाड्यांच्या लेनमधून जातो. फुटपाथ साफ करण्याची जबाबदारी घराघरांवर टाकणं ही मला या व्यवस्थेतली मोठी उणीव वाटते. गाडीची वाट सार्वजनिक आणि पायांची वाट खासगी, असा भेद त्यातून होतो.

बसच्या बाबतीत मात्र काउंटीने मोठं मन दाखवलं. ‘राइड ऑन’ ही तिची स्वतःची बससेवा १९७५ पासूनची. ज्येष्ठांना आणि मुलांना भाडं आधीच माफ होतं. २९ जून २०२५ पासून ही सेवा सगळ्यांसाठी मोफत झाली. कार्ड नको, सुटे पैसे नकोत, बस आली की चढायचं. मुलाच्या गाडीवर विसंबून राहिलेल्या आई-बाबांसाठी याचा अर्थ काय होतो, हे त्यांनाच विचारावं. रस्ता सुरक्षेच्या दृष्टीनेही ते महत्त्वाचं आहे, कारण बसमधला माणूस गाडीतल्या माणसापेक्षा कितीतरी सुरक्षित असतो. धोका असतो तो बसपर्यंत जाण्याच्या आणि बसमधून उतरून घरी पोचण्याच्या वाटेवर. म्हणून मोफत बस आणि थांब्याजवळचा सिग्नल ही दोन वेगळी कामं मानता येत नाहीत.

या रस्त्यांच्या आखणीत भारतात जन्मलेल्या एका बाईंचाही हात आहे. अरुणा मिलर यांचा जन्म १९६४ साली हैदराबादचा. सात वर्षांच्या असताना त्या अमेरिकेत आल्या, स्थापत्य अभियंता झाल्या आणि मॉन्टगोमेरी काउंटीच्या वाहतूक विभागात त्यांनी पंचवीस वर्षं नोकरी केली. मग राज्याच्या विधिमंडळात गेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये मेरीलँडच्या उपराज्यपाल झाल्या. चौक, फुटपाथ आणि शाळेची वाट यांवर उमेदीची वर्षं घालवलेली व्यक्ती राज्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर बसते, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. आपल्याकडे वाहतूक अभियंता हा शब्दच प्रशासनात क्वचित ऐकू येतो.

मॉन्टगोमेरीने शून्याचा ठराव केला त्याच २०१६ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही शून्य मृत्यूचं काम सुरू झालं. महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था यांनी मिळून अपघातांच्या जागा एकेक करून तपासल्या, कठडे बसवले, उघडे कठीण खांब झाकले, जखमींपर्यंत पोचायचा वेळ कमी केला. त्या वर्षी तिथे १५१ मृत्यू झाले होते. पुढच्या काही वर्षांत आकडा शंभराखाली आला. म्हणजे हे आपल्याला जमत नाही असं नाही. पण संपूर्ण राज्यात २०२३ मध्ये १५ हजारांहून अधिक माणसं रस्त्यावर गेली आणि त्यांतली असंख्य गावाजवळच्या साध्या मार्गांवर, जिथे ना कठडा ना पट्टा. पाचशे मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले किंवा दहा माणसं मेली, की तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. या जागांची यादी प्रत्येक जिल्ह्यात असते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची रस्ता सुरक्षा समिती तिच्यावर बैठका घेते. ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली, बसस्थानकात लागली, शाळेत वाचून दाखवली गेली, तर? कुठल्या जागेचं काम कुणाकडे आहे आणि ते कधी होणार, एवढं तिच्यापुढे लिहिलं गेलं, तर? यासाठी डॉलर लागत नाहीत.

काउंटी कौन्सिलच्या सुनावणीत कुठल्याही रहिवाशाला नाव नोंदवून काही मिनिटं बोलता येतं. ओल्ड जॉर्जटाउन रोडच्या लेन वाचल्या त्या अशा बोलण्यामुळेही. इथल्या मराठी कुटुंबांनी मंडळं उभारली, मराठी शाळा चालवल्या, गणपती आणि दिवाळी थाटात केली. जर्मनटाउनच्या एखाद्या चौकात आमच्या आईला रस्ता ओलांडायला दिवा पुरत नाही, तिच्या चालीने मोजा आणि वेळ वाढवा, असं त्यांनी सांगितलं तर ते ऐकलं जाण्याची व्यवस्था तयार आहे. ज्येष्ठांची चाल तरुणांपेक्षा मंद असते आणि सिग्नलची वेळ त्याप्रमाणे ठरवता येते, हे अभियंत्यांना माहीत आहे. कुठल्या चौकात ते करायचं, हे मात्र तिथे रोज चालणाऱ्यानेच सांगायला हवं.

यंदा हिवाळ्याआधी ज्यांचे आईवडील तिकडे जाणार आहेत त्यांनी सामानात लोणचं-मेतकुटाबरोबर दोन गोष्टी टाकाव्यात: एक फिकट रंगाचं जाकीट आणि दंडाला बांधायची चकाकणारी पट्टी. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांच्याबरोबर एकदा बसथांब्यापर्यंत चालत जावं. बटण कुठे आहे ते दाखवावं. चालणाऱ्या माणसाचं पांढरं चित्र लागलं तरीही वळणाऱ्या गाडीचा चालक आपल्याकडे बघतोय याची खात्री करून मग पाऊल टाकायचं, आणि आधी डावीकडे बघायचं, हे सांगावं. लाल हात लुकलुकायला लागला तर नव्याने निघायचं नाही. पण मध्ये असाल तर मागेही फिरायचं नाही, चालत राहायचं. आणि ३११ हा आकडा त्यांच्या फोनमध्ये साठवून द्यावा.